कुर्ल्याची फियाट आणि वळणाचा प्रश्न : मुंबई उपनगरांतील मोटारींच्या सस्पेन्शनमधील बदलांचा इतिहास (१९५४–२०२३)

बीजसंज्ञा : फियाट ११००, प्रीमियर पद्मिनी, कमानपाटा, शॉक ॲब्सॉर्बर, आग्रा रोड, मोटार वाहन कायदा कलम ५२

प्रस्तावना

मोटारीचा इतिहास लिहिताना इंजिनाची शक्ती, गाडीची किंमत आणि कारखान्याचा मालक यांची नोंद सहसा केली जाते. चाक आणि गाडीचा सांगाडा यांच्या मध्ये जी यंत्रणा असते तिची दखल मात्र क्वचितच घेतली जाते. वस्तुतः गाडी वळणावर रस्ता धरून राहते की बाहेर फेकली जाते, हे इंजिनापेक्षा याच यंत्रणेवर अधिक अवलंबून असते. पारिभाषिक कोशांत तिला 'निलंबन' असे नाव आहे. पण हा शब्द ऐकताच मराठी वाचकाला चौकशी लागलेला सरकारी कर्मचारी आठवतो, आणि गॅरेजमध्ये तर तो कोणीच वापरत नाही. म्हणून प्रस्तुत निबंधात 'सस्पेन्शन' हाच रूढ शब्द योजला आहे.

परवानाकाळातील भारतीय मोटारी मुळातच बोजड होत्या, आणि १९८३ साली मारुती ८०० आल्यानंतर, विशेषतः १९९१ नंतरच्या उदारीकरणात, त्या वळणावर स्थिर झाल्या, असा एक सर्वसाधारण समज आहे. कुर्ला येथे तयार होणाऱ्या फियाटच्या बाबतीत हा समज अपुरा ठरतो. ही गाडी जन्मतः वळणाला चांगली होती. उपनगरातील रस्ता, तिच्यावर लादलेला भार आणि गॅरेजमधील कारागिरी यांनी मिळून तिला वळणाला वाईट केले. हे अज्ञानातून घडलेले नाही. त्या बदलांना त्या त्या वेळी सबळ कारण होते. गाडीच्या सस्पेन्शनमध्ये 'सुधारणा' करणे म्हणजे तिची उंची आणि भारक्षमता वाढवणे, असा अर्थ मुंबईच्या उपनगरांत सुमारे चाळीस वर्षे रूढ होता. वळणावरील पकड हा अर्थ त्यास उशिरा चिकटला, आणि तो चिकटेपर्यंत कायद्याचे दार बंद होत आले होते.

आग्रा रोडवरील तीन कारखाने

शीव येथून कुर्ला, घाटकोपर, विक्रोळी, भांडुप, मुलुंड या क्रमाने ठाण्याकडे जाणारा जुना आग्रा रोड आज लालबहादूर शास्त्री मार्ग या नावाने ओळखला जातो. १९५० साली बृहन्मुंबईची हद्द पश्चिमेस जोगेश्वरीपर्यंत आणि पूर्वेस भांडुपपर्यंत, तर १९५७ साली दहिसर व मुलुंडपर्यंत वाढवण्यात आली. हद्दवाढीच्या या काळात मोकळ्या व तुलनेने स्वस्त जमिनीमुळे आग्रा रोडच्या दोन्ही अंगांना कारखान्यांची रांग उभी राहिली.

या रांगेतील आद्य कारखान्यांपैकी एक म्हणजे सोलापूरचे वालचंद हिराचंद यांनी १९४४ साली स्थापन केलेली प्रीमियर ऑटोमोबाइल्स. मोटार-कारखान्याची कल्पना त्याहून जुनी होती. मोक्षगुंडम विश्वेश्वरय्या यांनी १९३० च्या दशकात तिचा आराखडा मांडला होता. युद्धकाळातील परकीय सरकारच्या अनास्थेमुळे ती रखडली. १९४७ साली कुर्ल्यात अमेरिकेच्या क्रायसलर कंपनीच्या गाड्यांची जुळणी सुरू झाली, आणि त्यानंतर काही वर्षांतच इटलीतील तुरिनच्या फियाट कंपनीशी करार होऊन लहान गाड्यांकडे मोर्चा वळला. १९५३ च्या सुमारास केंद्र सरकारने केवळ जुळणी करणाऱ्या कंपन्यांना प्रत्यक्ष उत्पादनाचा कार्यक्रम सादर करण्यास सांगितले. शिवडी येथील जनरल मोटर्सने १९५४ साली आपला कारभार आटोपता घेतला. कुर्ल्याची कंपनी टिकली. त्याच वर्षी तेथे फियाट ११०० येऊ लागली.

दुसरा कारखाना भांडुपचा. तुरिन येथेच १९२४ साली स्थापन झालेल्या सिएट या कंपनीची भारतीय शाखा १९५८ साली निघाली आणि भांडुप येथे टायरांचे उत्पादन होऊ लागले. (फियाट आणि सिएट या दोन्ही नावांतील शेवटचा 'ट' हा 'तोरिनो' या शहराच्या इटालियन नावातील आद्याक्षर आहे, हे आग्रा रोडवरून रोज जाणाऱ्या किती जणांना ठाऊक असेल?) तिसरा कारखाना मुलुंडचा. १९६१ साली स्थापन झालेल्या गॅब्रिएल इंडिया या कंपनीने अमेरिकेच्या मॅरेमाँट कॉर्पोरेशनच्या सहकार्याने तेथे शॉक ॲब्सॉर्बर तयार करण्यास आरंभ केला.

गाडी वळणावर कशी वागेल हे ठरवणारे घटक मुख्यतः तीन : स्प्रिंगा व त्यांना जोडणारे दांडे, स्प्रिंगेची उसळी शमवणारा शॉक ॲब्सॉर्बर, आणि अखेरीस रस्त्याला प्रत्यक्ष टेकणारा टायर. १९६० च्या दशकाच्या आरंभी हे तिन्ही घटक तयार करणारे कारखाने एकाच रस्त्याच्या आश्रयाने, सुमारे पंधरा किलोमीटरांच्या आत उभे होते. देशात अन्यत्र असा योग क्वचितच आला असेल. तरीही या रस्त्यावरून वळणाला उत्तम अशी गाडी निर्माण करण्याचा प्रयत्न झालेला दिसत नाही. यामागील मुख्य कारण कारखान्यांच्या भिंतींबाहेर, त्या रस्त्याच्याच अवस्थेत सापडते.

मूळ आराखडा

फियाट ११००-१०३ ही गाडी १९५३ साली जिनिव्हाच्या प्रदर्शनात प्रथम मांडली गेली. तिला स्वतंत्र चासी नव्हती. काया आणि सांगाडा एकसंध होता. पुढील दोन्ही चाके एकमेकांपासून स्वतंत्र, प्रत्येक चाक दोन विशबोनांमध्ये धरलेले आणि कॉइल स्प्रिंगेवर तोललेले. पुढच्या बाजूस अँटी-रोल बार होता. वळणावर गाडी एका अंगाला कलू लागली की हा पोलादी दांडा पिळला जातो आणि कलण्यास विरोध करतो. मागे मात्र एक अखंड आस आणि त्याखाली कमानपाटे, अशी जुनी व्यवस्था होती. १०८९ घनसेंटिमीटरच्या इंजिनाला मानाने वजन बेताचे आणि सुकाणू हलके. या गाडीच्या 'तुरिस्मो वेलोचे' या वेगवान आवृत्तीने इटलीतील मिले मिलिया या रस्त्यावरील शर्यतीत भाग घेतला होता. भारतातही मद्रासजवळील शोलावरमच्या जुन्या धावपट्टीवर ज्या शर्यती होत, त्यांत फियाट ११०० गाड्यांचा भरणा असे. बोजड गाडीच्या वाट्याला हे येत नाही.

समकालीन गाड्यांशी तुलना केली तरी हेच दिसते. उत्तरपाड्याच्या अँबॅसडरला पुढे टॉर्शन बार आणि मागे कमानपाटे होते. ती आरामशीर, पण जड. मद्रासच्या स्टँडर्ड हेराल्डची मागील चाके स्वतंत्र होती खरी, परंतु ज्या झुलत्या आसावर ती बसवली होती त्यामुळे वेगात वळताना आतल्या अंगाचे उचललेले वजन बाहेरच्या चाकाखाली गोळा होऊन ते चाक आत दुमडले जाण्याचा धोका असे. त्याच कंपनीने १९७२ च्या गॅझेल या गाडीत ही व्यवस्था सोडून पुन्हा अखंड आस बसवला. प्रगत रचना टाकून जुनी रचना स्वीकारल्याचे हे उदाहरण उद्बोधक आहे : दुरुस्तीची परिस्थिती आणि रस्ता हेच येथे अंतिम परीक्षक होते.

कुर्ल्याच्या गाडीचा आराखडा पुढे फारसा बदलला नाही. १९६४ ची 'डिलाइट' आणि १९७४ ची 'पद्मिनी' ही नावे बदलली, बाह्यांगातील काही तपशील बदलले. सस्पेन्शनची मूळ मांडणी तीच राहिली. १९८५ साली त्याच कंपनीची ११८ एनई आली. ती फियाट १२४ या १९६६ च्या गाडीवर बेतलेली होती, आणि फियाट १२४ मध्ये मागील आसही कॉइल स्प्रिंगांवर तोललेला असे. परंतु टॅक्सीच्या धंद्यात पद्मिनीची जागा तिने घेतली नाही.

वर उचललेली गाडी

कमानपाटा म्हणजे वेगवेगळ्या लांबीच्या पोलादी पट्ट्यांची एकावर एक रचलेली जुडी. तिचे काम दुहेरी असते. ती भार पेलते आणि त्याच वेळी आसाला जागेवर धरून ठेवते. तिच्यातील पाटे एकमेकांवर घासतात, त्यामुळे थोडी उसळी आपोआप शमते. तुटली तर रस्त्याच्या कडेला बसून बदलता येते. मुंबईच्या टॅक्सीचालकाला याहून अधिक काय हवे होते?

टॅक्सीवरील भार मूळ आराखड्यात गृहीत धरल्याहून निराळा होता. मागे तिघे, पुढे एक, डिकीत सामान, टपावरील कॅरिअरवर वळकट्या आणि ट्रंका. रेल्वे स्थानकावरून उपनगरातील बिऱ्हाडी परतणाऱ्या कुटुंबाचा तो संसारच असे. वर्षानुवर्षे असा भार वाहून कमान सपाट होई, गाडीचे बूड खाली येई आणि खड्ड्यात आदळताना आस थेट कायेवर आपटे. यावर गॅरेजमध्ये दोन उपाय केले जात. एक, कमान खोलून पाटे तापवून अगर ठोकून त्यांचा बाक पुन्हा काढणे. दोन, जुडीत एक पाटा वाढवणे. दुसरा उपाय टिकाऊ समजला जाई.

या दुसऱ्या उपायाचे यांत्रिक परिणाम समजून घेणे आवश्यक आहे. पाच पाट्यांच्या कमानीत त्याच जाडीचा सहावा पाटा घातला तर तिचा ताठपणा ढोबळमानाने पाचवा हिस्सा वाढतो, आणि गाडीचे मागील अंग काही सेंटिमीटर उचलले जाते. गाडी वळते तेव्हा आतल्या चाकांवरील काही भार बाहेरच्या चाकांवर जातो. हे भारस्थलांतर किती होईल ते गाडीचे वजन, वळणाचा जोर, गुरुत्वमध्याची उंची आणि डाव्या-उजव्या चाकांमधील अंतर यांवरून ठरते. केवळ उदाहरणादाखल, प्रवाशांसह ११०० किलो वजनाची, ५५ सेंटिमीटर उंचीवर गुरुत्वमध्य असलेली आणि चाकांमध्ये १२२ सेंटिमीटर अंतर असलेली गाडी घेतली, आणि वळणाचा जोर गुरुत्वाकर्षणाच्या चार दशांश मानला, तर सुमारे १९८ किलो भार बाहेर सरकतो. गुरुत्वमध्य पाच सेंटिमीटर वर गेला की हाच आकडा २१६ किलोंवर जातो. वाढ लहान भासते. परंतु टायरावरील भार दुप्पट केल्याने त्याची पकड दुप्पट होत नाही, काहीशी कमीच भरते. म्हणून बाहेरच्या चाकावर टाकलेला प्रत्येक किलो एकूण पकडीतून थोडे वजा करतो.

याहून महत्त्वाची गोष्ट ही की, पुढील स्प्रिंगा तशाच राहून केवळ मागील कमानी ताठ झाल्यामुळे कलण्यास होणाऱ्या विरोधातील मागचा वाटा वाढतो. भारस्थलांतराचा मोठा हिस्सा मग मागच्या बाहेरील चाकावर पडतो आणि पकड प्रथम मागेच सुटते. पद्मिनीला गती देणारी चाकेही मागचीच. तुरिनच्या अभियंत्यांनी पुढे अँटी-रोल बार बसवून जो समतोल साधला होता, तो सहाव्या पाट्याने बिघडवला. त्यातच रिकाम्या गाडीत ताठ कमानी खडबडीत रस्त्यावर चाकाला रस्त्याशी चिकटू देत नाहीत. चाक उड्या मारते. जूनच्या पहिल्या पावसात, तेलाचा आणि धुळीचा थर ओला झालेला असताना, रिकामी टॅक्सी चौकात मागून सरकते ती या कारणाने. चालक दोष टायराला देत असे. तोही सर्वस्वी निर्दोष नव्हता; झिजलेला क्रॉस-प्लाय टायर पुन्हा रबर चढवून वापरणे सर्रास चाले.

शॉक ॲब्सॉर्बरची कथा आणखी उपेक्षेची आहे. कमान तुटली तर गाडी चालत नाही. शॉक ॲब्सॉर्बर निकामी झाला तरी चालते, फक्त डुलते. त्यामुळे तेल गळू लागले की तो बदलण्याऐवजी उघडून, तेल भरून, पुन्हा जोडून बसवला जाई. मुलुंडला नवा तयार होत असतानाही कुर्ल्याच्या जुन्या सुट्या भागांच्या बाजारातील दुरुस्त केलेल्याला गिऱ्हाईक अधिक. गिऱ्हाइकाचा हिशेब चुकीचा म्हणता येत नाही. दिवसाचे भाडे दिवसाला मोजणाऱ्या माणसाला वळणावरील स्थैर्य हा न दिसणारा खर्च होता.

आणि उंचीची गरज खोटी नव्हती. सांताक्रूझ वेधशाळेत वर्षाला दोन हजार मिलिमीटरांहून अधिक पाऊस नोंदला जातो. अंधेरी व मिलन भुयारी मार्गांत दर पावसाळ्यात पाणी तुंबण्याचा अनुभव पिढ्यांचा. २६ जुलै २००५ रोजी एका दिवसात ९४४ मिलिमीटर पाऊस झाला तेव्हा जमिनीपासून चार बोटे अधिक उंच असणे हे कोणत्याही अँटी-रोल बारहून मोलाचे ठरले. कांदिवलीच्या महिंद्र कारखान्याशी जोडलेली जीप, जिच्या चारही चाकांवर कमानपाटेच होते, उपनगरांत आदर्श मानली जाई तीही याच न्यायाने.

गॅसची टाकी

१९९० च्या दशकाच्या अखेरीस पद्मिनीच्या मागील अंगावर एक नवाच भार आला. मुंबईतील वायुप्रदूषणाविषयीच्या जनहित याचिकेवर मुंबई उच्च न्यायालयाने डिसेंबर १९९९ मध्ये आदेश दिला आणि परिवहन आयुक्त व्ही. एम. लाल यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली गेली. त्यानंतरच्या काही वर्षांत जुन्या टॅक्सी नैसर्गिक वायूवर चालवण्याची सक्ती झाली. हवेच्या दृष्टीने हा निर्णय योग्यच होता. पण वायूची पोलादी टाकी रिकामी असतानाही पन्नास किलोंच्या घरात जाते आणि ती ठेवायला जागा एकच : डिकी, म्हणजे मागील आसाच्याही मागे.

याचा परिणाम एकसुरी नव्हता, हे येथे नमूद केले पाहिजे. मागील चाकांवर भार वाढल्याने ओल्या रस्त्यावर निघताना ती कमी गरगरत. सरळ रेषेतील पकड सुधारली. मात्र पुढचे अंग हलके होऊन सुकाणूचा प्रतिसाद मंदावला, आणि आसामागे लोंबणारे वजन वळणावर शेपटीसारखे बाहेर ओढू लागले. बूड खाली आले म्हणून पुन्हा गॅरेज, पुन्हा एक पाटा. अशा प्रकारे कायद्याने सक्तीच्या केलेल्या एका बदलाने दुसरा, कायद्याच्या दृष्टीस न पडणारा बदल घडवून आणला. टाकीची तपासणी होई आणि तिचे प्रमाणपत्र लागे. तिच्याखालील कमानीला कोणी काही विचारले नाही.

उड्डाणपूल आणि वेग

वळणाचा प्रश्न इतकी वर्षे दबून राहिला त्याचे साधे कारण म्हणजे उपनगरांत वेगच नव्हता. आग्रा रोडवर आणि घोडबंदर रोडवर (आजचा स्वामी विवेकानंद मार्ग) गाडी जेथे वळे तेथे ती आधीच थांबलेली असे. गोरेगावहून पवईकडे नेणारा आरे वसाहतीतील चढउतारांचा रस्ता, आणि सुटीच्या दिवशी गाठला जाणारा बोरघाट, एवढेच काय ते अपवाद.

१९९६ साली महाराष्ट्र राज्य रस्ते विकास महामंडळ स्थापन झाले आणि मुंबईत पन्नासहून अधिक उड्डाणपुलांची योजना हाती घेण्यात आली. पश्चिम व पूर्व द्रुतगती महामार्गांवरील सिग्नल या पुलांखाली गेले. २००२ साली मुंबई–पुणे द्रुतगती मार्ग संपूर्ण खुला झाला. २०१३ मध्ये पूर्व मुक्त मार्ग आणि २०१४ मध्ये सांताक्रूझ–चेंबूर जोडरस्ता यांची भर पडली. गाडी आता न थांबता वळू लागली. वळणाचा जोर वेगाच्या वर्गाने वाढतो. तीस मीटर त्रिज्येच्या वळणावर ताशी ४० किलोमीटर वेगाला तो गुरुत्वाकर्षणाच्या सुमारे ४२ टक्के असतो. ताशी ५० ला ६५ टक्के. वेगात दहाची वाढ ही चालकाच्या मनाला किरकोळ, टायराला मात्र दीडपटीहून अधिक.

याच सुमारास उपनगरांतील मोटारही बदलली होती. मारुती ८०० पासून पुढच्या चाकांना गती देण्याची रचना रूढ झाली. इंजिनाचे वजन गतिमान चाकांवरच असल्याने ओल्या रस्त्यावरील पकडीचा जुना प्रश्न बराचसा सुटला. रेडियल टायर आले. आणि अंधेरी, बोरिवली, मुलुंड, घाटकोपर येथील मध्यमवर्गीय घरांत एक अशी पिढी आली जिला गाडी उंच नव्हे तर बसकी हवी होती. झेन, एस्टीम, होंडा सिटी या गाड्या तिच्या हाती होत्या. 'सुधारणा' या शब्दाचा अर्थ उलटला तो येथे.

उलटला, पण कारागिरीची सवय तीच राहिली. जो कारागीर पाटा वाढवून गाडी उचलत होता त्याच्याकडे आता गाडी खाली आणण्याचे काम आले, आणि त्याने कॉइल स्प्रिंगेचे एक-दोन वेढे कापून ते केले. वेढे कमी झाले की स्प्रिंग ताठ होते, हे खरे. गुरुत्वमध्य खाली येतो, हेही खरे. म्हणजे कागदावर हा बदल वळणास अनुकूल दिसतो. पण मूळ शॉक ॲब्सॉर्बर तसाच ठेवला तर त्याचा दांडा जवळपास तळाशी पोहोचलेल्या अवस्थेत काम करू लागतो, ताठ स्प्रिंगेची उसळी शमवण्याइतका विरोध त्याच्यात नसतो, आणि चाक आदळून रस्ता सोडते. कापलेली स्प्रिंग पूर्ण लांबल्यावर आपल्या बैठकीतून निसटण्याचाही धोका असतो. जो शहाणा असे तो क्रम निराळा ठेवी : आधी चांगले टायर, मग नवे शॉक ॲब्सॉर्बर, झिजलेली रबरी बुशे आणि चाकांचे अलाइनमेंट, त्यानंतर जुळणाऱ्या मापाच्या स्प्रिंगा व अधिक जाड अँटी-रोल बार. या क्रमातील पहिल्या तीन गोष्टी म्हणजे गाडी मूळ स्थितीत आणणे होय, तिच्यात बदल करणे नव्हे. आणि बहुसंख्य जुन्या गाड्यांना तेवढेच पुरेसे असते.

कलम ५२

मोटार वाहन कायदा, १९८८ मधील कलम ५२ मूळात नोंदणी प्राधिकाऱ्याच्या संमतीने वाहनात फेरफार करण्यास वाव देत होते. २००० साली झालेल्या दुरुस्तीने हे चित्र पालटले. उत्पादकाने मुळात नमूद केलेल्या तपशिलांशी नोंदणी-प्रमाणपत्रातील तपशील विसंगत ठरतील असा कोणताही फेरफार मालकाने करू नये, असा नियम झाला. इंधनबदलाच्या संचासारखे अपवाद ठेवले गेले. जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने केरळमधून आलेल्या एका प्रकरणात या कलमाचा काटेकोर अर्थ लावला. त्याच वर्षीच्या दुरुस्ती कायद्याने कलम १८२-अ मध्ये अशा फेरफारासाठी मालकाला सहा महिन्यांपर्यंत कारावास किंवा प्रत्येक फेरफारामागे पाच हजार रुपये दंड, अथवा दोन्ही, अशी तरतूद केली.

या कायद्यामागील हेतू वाजवी आहे. कापलेल्या स्प्रिंगांच्या गाडीपुढे पादचारी असतो, त्याने कोणत्याही छंदाला संमती दिलेली नसते. परंतु सस्पेन्शनच्या बाबतीत कायद्याची दृष्टी असमान राहिली. रुंद टायर रस्त्यावरील पोलिसाला दिसतो. सहावा पाटा दिसत नाही. दोहोंपैकी अधिक धोकादायक कोणता, याचे उत्तर वर दिलेल्या हिशेबातून मिळते, आणि ते दिसणाऱ्या वस्तूच्या विरोधात जात नाही.

विद्याविहार

कुर्ल्याचे पद्मिनीचे उत्पादन नव्या शतकाच्या उंबरठ्यावर थांबले. कारखान्याच्या जागेवर कोहिनूर सिटी ही वसाहत उभी राहिली. तेथून मध्य रेल्वेचे रूळ ओलांडले की विद्याविहार पूर्वेस सोमैया विद्यासंकुल लागते. तेथील अभियांत्रिकी महाविद्यालयातील विद्यार्थ्यांनी २००० नंतरच्या दशकात 'ओरायन रेसिंग इंडिया' हा संघ उभारला आणि 'फॉर्म्युला स्टुडंट' या आंतरराष्ट्रीय स्पर्धांसाठी छोट्या शर्यतीच्या गाड्या बनवण्यास प्रारंभ केला. पवईच्या भारतीय तंत्रज्ञान संस्थेतील विद्यार्थ्यांनीही याच मालिकेत पुढे विजेवर चालणाऱ्या गाड्या इंग्लंडमधील सिल्व्हरस्टोनपर्यंत नेल्या.

१९८१ साली अमेरिकेत सुरू झालेल्या या स्पर्धाप्रकारात वळणासाठी स्वतंत्र गुण असतात. इंग्रजी आठच्या आकड्यासारख्या मार्गावर गाडी फिरवावी लागते. आतील वर्तुळाचा व्यास १५.२५ मीटर आणि मार्गाची रुंदी ३ मीटर. एक वर्तुळ साडेपाच सेकंदांत पूर्ण केले तर वळणाचा जोर गुरुत्वाकर्षणाच्या सुमारे १.२ पट होतो. आग्रा रोडवरील कोणत्याही फियाटला हे साधणारे नव्हते. ती त्यासाठी नव्हतीही. येथे लक्षणीय आहे ती दुसरी अट. स्पर्धेत परीक्षक विद्यार्थ्यांना प्रत्येक स्प्रिंगेचा ताठपणा, प्रत्येक दांड्याची लांबी का निवडली, हे विचारतात आणि त्याचे लेखी उत्तर द्यावे लागते. उपनगरांतील मोटारकामाच्या इतिहासात 'का' हा प्रश्न इतक्या औपचारिकपणे बहुधा प्रथमच विचारला गेला. गॅरेजमधील कारागिरालाही उत्तर माहीत होते. कमान हाताने दाबून, तिचा आवाज ऐकून तो भार सांगू शके. त्याला कोणी कागद पुढे केला नाही. त्या हातांबरोबर ते ज्ञानही गेले, आणि रुळांच्या पलीकडे तेच गणित नव्याने, संगणकावर मांडावे लागले.

मुंबईत नोंदलेली शेवटची पद्मिनी टॅक्सी २९ ऑक्टोबर २००३ रोजी ताडदेवच्या प्रादेशिक परिवहन कार्यालयात नोंदली गेली होती. टॅक्सीसाठी असलेली वीस वर्षांची वयोमर्यादा पूर्ण झाल्याने ३० ऑक्टोबर २०२३ पासून या गाड्या रस्त्यावरून अधिकृतपणे निवृत्त झाल्या. नोंदणीच्या कागदपत्रांत इंजिन क्रमांक, चासी क्रमांक, रंग, आसनसंख्या, दोन आसांमधील अंतर, रिकाम्या गाडीचे वजन आणि टायरांचे माप यांची नोंद असते. मागच्या कमानीत पाटे किती, यासाठी त्यांत रकाना नाही.